वाण्याची पुडी, कंपनीचं पाकीट आणि पुन्हा दुकानाचंच नाव

एका हातात दुकानाच्या स्वतःच्या नावाची साखर, दुसऱ्या हातात टीव्हीवर जाहिरात करणाऱ्या कंपनीची. दोन्ही एक किलो, दोन्ही शुभ्र. मागच्या बाई "जरा सरकता का?" म्हणेपर्यंत मी पाकिटांची मागची बाजू वाचत उभी होते. साखर कारखान्यातून निघते ती ५० किलोच्या पोत्यात, दाण्याच्या आकारावरून एम-३० किंवा एस-३० असा दर्जा ठरूनच. पुढे पोतं कुणी फोडलं आणि पिशवीवर कुणाचं नाव छापलं, याने चहाच्या गोडीत फरक पडायचं काही कारण नाही. तरी कंपनीची साखर महाग असते आणि ती घेणारेही असतात.

आपला सर्वसाधारण समज असा, की आधी ब्रँड आले आणि नंतर मॉलवाल्यांनी त्यांची स्वस्त नक्कल काढली. क्रम खरं तर उलटा आहे. आधी दुकानदाराचंच नाव होतं.

वाण्याकडे सगळा माल सुटा यायचा आणि रद्दीच्या पुडीत बांधून मिळायचा. डाळ कुठल्या गिरणीची हे गिऱ्हाईक विचारत नसे. अमक्या वाण्याकडची डाळ चांगली शिजते, एवढं पुरे होतं. याच वाटेने काही दुकानं पुढे मोठी झाली. विश्वनाथ परशुराम बेडेकरांनी १९१० मध्ये गिरगावात सुरू केलं ते किराणा मालाचं दुकान. मसाले आणि लोणची नंतरची. आज बेडेकर म्हटलं की लोणच्याची बरणी डोळ्यांसमोर येते, पण मुळात ती दुकानदाराने आपल्या नावावर विकलेली चीज आहे. आजच्या भाषेत प्रायव्हेट लेबल!

दुकानदाराच्या नावावर चालणाऱ्या या व्यवहाराला कीड होती भेसळीची. तुरीच्या डाळीत लाखेची डाळ, मिऱ्यांत पपईच्या बिया, तिखटात विटेची भुकटी, हळदीला रंग. मापात मारणं वेगळंच. कंपनीचं सीलबंद पाकीट खपलं ते या अविश्वासावर. १८८८ मध्ये कोलकात्याच्या बंदरात सनलाइट साबणाची खोकी उतरली, तेव्हा वड्यांवर 'लिव्हर ब्रदर्सने इंग्लंडमध्ये बनवलेला' असा मजकूर कोरलेला होता. म्हणजे मधला दुकानदार कोण आहे याची फिकीर करू नका, बनवणारे आम्ही आहोत. पार्ल्याच्या कारखान्यातली ग्लुकोज बिस्किटं, डालड्याचा डबा, हे सगळं त्याच ओळीतलं. मिठासारखी साधी गोष्ट मात्र फार काळ सुटीच राहिली. १९८३ मध्ये टाटांचं आयोडीनयुक्त मीठ पाकिटातून आलं आणि दुकानाच्या दाराशी ठेवलेलं खडेमिठाचं पोतं हळूहळू दिसेनासं झालं. गव्हाचं पीठ ब्रँडच्या पाकिटात यायला तर त्याहून उशीर झाला. आयटीसीचं आशीर्वाद २००२ मध्ये आलं. तोवर आणि खरं तर अजूनही, आपल्याकडे पीठ म्हणजे डबा घेऊन गिरणीत जाणं.

परदेशातही सुरुवात अशीच झाली, फक्त लवकर. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात १८४४ मध्ये विणकर आणि इतर कामगारांनी मिळून एक दुकान काढलं. पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ असा मोजका माल. माप पुरं आणि भेसळ नाही, एवढीच ख्याती. अशा सहकारी दुकानांनी १८६३ मध्ये स्वतःची घाऊक संस्था उभारली आणि दहा वर्षांनी मँचेस्टरजवळ क्रम्पसॉलला स्वतःचा बिस्किटांचा कारखाना घेतला. दुकानाच्या नावाचं बिस्कीट, आणि दुकानाचे मालक गिऱ्हाईकच.

अमेरिकेत ग्रेट अटलांटिक अँड पॅसिफिक टी कंपनी, म्हणजेच ए अँड पी, हे दुकान १८५९ मध्ये चहापासून सुरू झालं आणि वाढत वाढत देशातली सर्वांत मोठी किराणा साखळी झालं. 'एट ओ क्लॉक' ही कॉफी त्यांच्या घरची. पुढची गंमत अशी, की ए अँड पीने २००३ मध्ये हा कॉफीचा धंदा विकला, २००६ मध्ये तो टाटा कॉफीने घेतला आणि २०१५ मध्ये ए अँड पीची दुकानं कायमची बंद झाली. दुकान गेलं, त्याची कॉफी मात्र टाटांच्या घरात नांदते आहे. आपल्याकडे नेमकं उलट झालं. २००१ मध्ये सुरू झालेल्या बिग बझारने टेस्टी ट्रीट, क्लीन मेट अशी स्वतःची नावं घरोघर पोहोचवली होती. २०२२ मध्ये दुकानं बंद पडली आणि ती नावंही फळीवरून उतरली.

स्वस्त म्हणजे हलकं, हा शिक्का दुकानाच्या मालावर बसला तो १९७०च्या दशकात. महागाईने सगळीकडे कहर केला होता. फ्रान्समध्ये कार्फूर या दुकानसाखळीने १९७६ मध्ये पन्नास वस्तू साध्या पांढऱ्या वेष्टनात आणल्या; कंपनीचं नाव नाही, चित्र नाही. शिकागोच्या ज्युएल या दुकानांनी १९७७ मध्ये तेच केलं, तर कॅनडाच्या लॉब्लॉज या दुकानसाखळीने १९७८ मध्ये पिवळ्या पाकिटावर काळ्या अक्षरांत 'नो नेम' छापलं. नाव नसणं हेच नाव. पैसे वाचत होते, पण पाहुण्यांसमोर ते पाकीट काढायला लोक कचरत. आपल्याकडेही पाहुणे आले की बिस्किटाचा पुडा कुठला निघतो, हे पाहिलं की हे लगेच समजेल.

हा शिक्का पुसला तोही लॉब्लॉजनेच. १९८४ मध्ये त्यांनी 'प्रेसिडेंट्स चॉइस' हे नाव आणलं आणि चार वर्षांनी त्या नावाखाली असं एक चॉकलेट बिस्कीट काढलं, ज्यात चॉकलेटचे तुकडे वजनाच्या ३९ टक्के होते. इतके तुकडे घालायची प्रस्थापित कंपन्यांना सवय नव्हती. दुकानाच्या मालाने ब्रँडपेक्षा स्वस्त असण्याऐवजी ब्रँडपेक्षा चांगलं व्हायचं ठरवलं, ते बहुधा इथे. कॉस्टको या अमेरिकी दुकानसाखळीचं 'कर्कलंड सिग्नेचर' १९९५चं. अमेरिकेतल्या मराठी घरांत आज बदामाची पिशवी बहुतेक त्याच नावाची असते, आणि भारतात येताना बॅगेत तीच भरली जाते. ती हलकी आहे असं कुणाला वाटत नाही.

अर्थात सगळेच इतके सरळ वागले नाहीत. ब्रिटनमध्ये 'पेंग्विन' नावाचं चॉकलेट बिस्कीट प्रसिद्ध. तर ॲस्डा या दुकानसाखळीने काढलं 'पफिन'. पक्षी दुसरा, पाकिटाची धाटणी तीच. १९९७ मध्ये कोर्टाने वेष्टनाच्या बाबतीत पेंग्विनवाल्यांच्या बाजूने निकाल दिला. एका आघाडीच्या ब्रँडशेजारी त्याच रंगाचं, जवळपास त्याच आकाराचं दुकानाचं पाकीट ठेवायचं, ही युक्ती त्यानंतरही संपलेली नाही. फळी दुकानाची, तिच्यावरची जागा दुकानाची, आणि स्पर्धकही दुकानच.

मग दर्जाचं काय? याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर प्रयोगशाळेतून नाही, बिलांतून आलं आहे. अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. डोकेदुखीच्या गोळ्यांत औषध तेच, मात्रा तीच. फरक फक्त नावाचा. सामान्य ग्राहक शंभरातल्या २६ वेळा नामांकित ब्रँड घेतो. स्वतः फार्मासिस्ट असलेले ग्राहक? फक्त ९ वेळा. मीठ-साखरेसारख्या वस्तूंमध्ये व्यावसायिक आचाऱ्यांनीही इतरांपेक्षा ब्रँडवर कमी खर्च केलेला दिसला. ज्याला आतलं माहीत आहे, तो नावाचे पैसे देत नाही.

पण हे एकाच प्रकारच्या मालाला लागू पडतं, आणि तुलना करताना नेमकी इथे गल्लत होते. साखर, मीठ, रवा, शेंगदाणे, फिनेल यांत फार तर निवडणं, पाखडणं, भरणं असतं. तूरडाळीत फटका डाळ आहे का, चुरा किती, पॉलिश केली आहे का, हे पारदर्शक पिशवीतून डोळ्यांनी दिसतं. अशा मालात चांगला खरेदीदार ठेवणारं दुकान कंपनीच्या तोडीस तोड, कधी वरचढ ठरतं. याउलट चहा. चहात बागेगणिक, मोसमागणिक चव बदलते आणि वर्षभर तीच चव मिळावी म्हणून चाखणारे बसलेले असतात. ते कसब कंपन्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेलं आहे. केचप, नूडल्सचा मसाला, कपडे धुण्याची पावडर यांतही पाककृती हीच खरी मालमत्ता. मी एकदा एका साखळी दुकानाचं स्वतःचं भांडी घासायचं लिक्विड आणलं होतं. बाटली मोठी, किंमत निम्मी. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी तिसऱ्या दिवशी सांगितलं, "ताई, हे पाणीच आहे, दुप्पट ओतावं लागतं." हिशेब तिथेच मिटला.

"पण एकाच कारखान्यात तर बनतं सगळं!" हे वाक्य हमखास ऐकू येतं. अर्धं खरं आहे. दुकानं सहसा स्वतः कारखाने चालवत नाहीत, दुसऱ्याकडून बनवून घेतात आणि तो दुसरा कधी कधी ब्रँडचाही माल बनवत असतो. मात्र यंत्र एक म्हणून घाणा एकच असं होत नाही. तेल कुठलं, काजू किती, हे ज्याचं नाव त्याने ठरवलेलं असतं. स्वस्ताई मुख्यतः येते ती मधल्या साखळीतून. कंपनीच्या पाकिटाच्या किमतीत जाहिरात, डेपो, स्टॉकिस्ट, त्याचा सेल्समन, असं सगळ्यांचं मानधन असतं. दुकानाच्या पाकिटाला हे काही नाही. माल पडून राहिला तर तोटा मात्र दुकानाचाच, कंपनीकडे परत पाठवायची सोय नाही.

पाकीट उलटलं की बरंच कळतं. कोण बनवतो, कोण विकतो हे वेगवेगळं छापलेलं असतं आणि खाण्याच्या मालावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी परवाना क्रमांक असतो. आता दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमतही छापलेली असते. ९०० ग्रॅमचं पाकीट किलोच्या शेजारी ठेवून स्वस्त भासवण्याची चलाखी तिथे उघडी पडते.

महाराष्ट्रात या गोष्टीची मधली कडी सहकाराची आहे. नायगावच्या कामगारांनी १९४८ मध्ये उभी केलेली संस्था 'अपना बाजार' झाली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. शेजारपाजारच्या घरांनी गट करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, एकत्र आलेला माल वाटून घ्यायचा. मराठी मध्यमवर्गाला, ब्रँड नसला तरी माल चांगला असू शकतो, हे या लोकांनी शिकवलं. आणि डीमार्ट काढणारे राधाकिशन दमाणी किराणा धंद्यात उतरले ते १९९९ मध्ये नेरूळला अपना बाजारचीच फ्रँचायझी घेऊन. ते मॉडेल त्यांना पटलं नाही. २००२ मध्ये पवईला पहिलं डीमार्ट निघालं. माझ्या मते रॉचडेलपासून निघालेला हा धागा इथे सहकारातून सुटला आणि शेअर बाजारात गेला.

करानेही यात हात घातला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा नोंदणीकृत ब्रँडच्या पाकीटबंद डाळी, तांदूळ, पिठावर ५ टक्के आणि बिगरब्रँड मालावर शून्य, असा भेद होता. मग ब्रँड कशाला म्हणायचं यावरच खल झाला, नाव सोडून देण्याच्या क्लृप्त्या निघाल्या. १८ जुलै २०२२ पासून नावाचा प्रश्नच काढून टाकला: २५ किलोपर्यंतचं, पाकिटात भरून लेबल लावलेलं धान्य असेल तर ५ टक्के, नाव कुणाचंही असो. वाण्याने समोर तोलून दिलेली सुटी डाळ तेवढी बाहेर राहिली.

रिलायन्सने २०२२ मध्ये जुना कॅम्पा कोला विकत घेतला आणि मार्च २०२३ मध्ये बाजारात आणला, २०० मिलीची बाटली दहा रुपयांना. 'इंडिपेंडन्स' हे डाळी-तेलाचं नाव त्यांनी त्याआधी डिसेंबरात गुजरातेत सुरू केलं होतं. हे दोन्ही फक्त स्वतःच्या दुकानांसाठी नाहीत; गल्लीतल्या किराणा दुकानांतही जातात. आमच्या वाण्याच्या फ्रीजमध्ये कॅम्पाच्या बाटल्या बघून मी त्याला विचारलं, "मॉलवाल्यांचा माल ठेवता?" तो म्हणाला, "मार्जिन बरं देतात." त्याच्या गल्ल्याशेजारी पोह्यांच्या, शेंगदाण्याच्या पारदर्शक पिशव्या लावलेल्या होत्या, रात्री दुकान बंद केल्यावर बायको-मुलांनी मिळून भरलेल्या, प्रत्येकीवर त्याच्या वडिलांच्या नावाचा स्टिकर.