कॅबिनेटच्या आतला वाऱ्याचा रस्ता

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या काटाघरातला कॉम्प्युटर दुरुस्तीला आला की तक्रार ठरलेली : "भाऊ, सीपीयू लय तापते अन् आपोआप बंद पडते." आमच्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात; खरा सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, हिशोब करणारी चिप. बाजूचा पत्रा काढला की हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्या दिसतच नाहीत. रुईचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ मिळून वर नमद्यासारखा थर बसलेला असतो. चिमटीत धरून ओढला तर एका तुकड्यात निघतो. वरचा पंखा फिरतच असतो, पण वारा खाली पोचत नाही. लोक प्रोसेसरला दोष देतात. मी आधी कॅबिनेटची आतली रचना बघतो, आणि ती आज अशी का आहे हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

१९८१ च्या आयबीएम पीसीत वाऱ्याचा प्रश्नच फारसा नव्हता. ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ प्रोसेसरवर हीटसिंकसुद्धा नसे, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) ६३.५ वॉटचा आणि पंखा काय तो त्यातच. १९८४ च्या पीसी एटीवरून एटी हा मदरबोर्डचा, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडतात त्या मुख्य पाटीचा, आणि कॅबिनेटचा साचा रूढ झाला आणि नव्वदीतले असेंबल्ड कॉम्प्युटर त्याच्याच बेबी एटी या लहान रूपावर जोडले गेले. त्या कॅबिनेटमध्ये हात घालणं जिकिरीचं होतं. पत्र्याच्या कडा बोटं कापायच्या, हार्डडिस्कची चाळीस पिनांची रुंद रिबन केबल प्रोसेसरपुढे पडद्यासारखी लटकायची. २३० व्होल्टची वायर थेट पुढच्या बटणापर्यंत आलेली असे.

१९९५ मध्ये प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलने एटीएक्स हा नवा साचा मांडला. मदरबोर्ड आडवा फिरवला, माप ३०५ × २४४ मिलिमीटर ठरलं, मागचे सगळे पोर्ट एका चौकटीत आले आणि प्रोसेसर एसएमपीएसच्या शेजारी गेला. एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडावी, अशी मूळ कल्पना होती. पण ती हवा एसएमपीएसमधूनच तापून यायची. पुढे हा आग्रह सुटला आणि पंखे हवा बाहेर फेकू लागले. एटीएक्सचा सांगाडा मात्र अजून तोच आहे, म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटमध्येही आजचा बोर्ड बहुधा बसतो. खेड्यात जुनं कॅबिनेट फेकत नाहीत, तिथे ही फार मोठी सोय आहे.

खरी कसोटी इंटेलच्या पेंटियम ४ या प्रोसेसरने लावली. त्याची २००४ ची प्रेसकॉट ही आवृत्ती शंभर वॉटच्या पुढे गेली. त्याच सुमारास इंटेलच्या मार्गदर्शिकेने बाजूच्या पत्र्याला भोक पाडून तिथून प्रोसेसरवर नळकांडं सोडायला सांगितलं. बाहेर ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी हवा ३८ अंशांपर्यंतच असावी, हा तिचा हिशोब. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाखालच्या खोलीत दुपारी ४० सहज असतात. म्हणजे तो हिशोब आमच्याकडे सुरू होण्याआधीच चुकतो. वारा समोरून मागे सरळ नेणारं बीटीएक्सही इंटेलने आणलं होतं. ते टिकलं नाही, पण समोरून आत, मागून बाहेर ही त्यामागची समज आजच्या चांगल्या कॅबिनेटमध्ये दिसते.

मग हार्डडिस्कला रुंद रिबनऐवजी साटाच्या अरुंद केबल आल्या, पंखे ८० मिलिमीटरवरून १२० वर गेले. २००५ च्या अँटेक पी१८० मध्ये एसएमपीएस खालच्या वेगळ्या कप्प्यात बसला. हळूहळू तीच रीत झाली. प्रोसेसरच्या दृष्टीने हे उत्तमच, पण आमच्याकडे कॅबिनेट फरशीवर किंवा शेणानं सारवलेल्या जमिनीवर ठेवलं, की केरसुणीनं उडवलेली धूळ सगळी खालच्या पंख्यात जाते. अलीकडची समोरून काचेनं बंद केलेली कॅबिनेटं तर मी गावात कुणाला घेऊ देत नाही. दिसायला देखणी, पण श्वास घ्यायला जागा नाही.

कॅबिनेट पारखताना मी दिवे बघत नाही. समोरच्या जाळीला फिल्टर आहे का आणि तो स्क्रूड्रायव्हरशिवाय निघतो का, हे आधी बघतो. मग मदरबोर्डच्या मागे केबल न्यायला बोटभर तरी जागा हवी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असली, तर धूळ फटींतून न येता फिल्टरवरच अडते. आणि पाण्याच्या कूलरचा झोत त्या जाळीवर कधी नको, ओल्या हवेत धुळीचं खापर होतं.

गेल्या हंगामात काटाघरातलं ते मशीन दोन फूट उंच स्टुलावर ठेवलं, केबल मागे बांधल्या आणि समोर फिल्टर लावला. संक्रांतीनंतर उघडलं तेव्हा फिल्टरवर बोटभर रुई होती, आणि आत हीटसिंकची एकेक पात मोजता येत होती.