बेट उपटता येतं, माडाचं काय?

कृष्णाकाठच्या वाळवा-पलूस पट्ट्यात ऊसवाल्याला 'गवताळ वाढ' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. खोडव्यात एखादं बेट पांढुरकं पडतं, बारीक फुटव्यांचा झुपका होतो आणि ऊस बांधतच नाही. ते बेट उपटून जाळायचं, पुढच्या लागणीचं बेणं 54 अंश सेल्सिअसच्या उष्ण-दमट हवेत अडीच तास ठेवायचं. हा उद्योग फायटोप्लाझ्माचा. पेशीभित्तिका नसलेला हा जंतू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि रस शोषणाऱ्या किडींमार्फत पसरतो.

त्याच्याच भावकीतल्या एकाने जमैकातले लाखो माड मारले. या रोगाचं नाव 'लीथल यलोइंग', म्हणजे मारक पिवळेपणा. आधी कच्चे नारळ गळतात, मग फुलोरा काळा पडतो, झावळ्या खालून पिवळ्या होत जातात आणि शेवटी शेंडाच कुजतो. काही महिन्यांत उरतो तो नुसता खांब. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक खोडात टोचलं तर रोग दबतो, पण देत राहावं लागतं. शेतकऱ्याला ते कसं परवडणार? द्राक्षासारखं डॉगरिज या काटक वेलीच्या खुंटावर कलम करावं, तर माडाचं कलमही होत नाही.

म्हणून संकर. जमैकात मलायन ठेंगू माड या रोगात टिकून होते. त्यांच्यावर पनामाच्या उंच माडाचा पराग टाकून 'मेपॅन' तयार झाला. काम मोठं चिकाटीचं: ठेंगू माडाच्या फुलोऱ्यातली नरफुलं वेळेत काढून टाकायची, मादीफुलं उमलली की निवडलेला पराग फवारायचा. नारळ पिकायला वर्ष जातं. पिवळ्या ठेंगूचा कोंब पिवळाच निघाला तर समजायचं, बाहेरचा पराग लागलाच नाही. हिरवट-तपकिरी निघाला तर संकर. एवढं करूनही रोगाची परीक्षा प्रयोगशाळेत उरकत नाही. रोगट भागात झाडं लावायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची.

मेपॅन दोन-अडीच दशकं तरला, मग तोही मरू लागला आणि त्याची मलायन आईही. जनुकीय तपासणीत झाडांत परक्या वाणांची थोडी भेसळ सापडली, पण तेवढ्याने एवढी पडझड उलगडत नाही. माझ्या मते एकाच वाणावर अख्ख्या जमैकाची भिस्त ठेवणं ही मूळ चूक.

कॅरिबियनमधला हा रोग आपल्याकडे नाही. केरळचा मूळकुज रोगही फायटोप्लाझ्माचाच, पण तो माड मारत नाही, कायमचा दुबळा करतो. तिथल्या कायंकुळमच्या नारळ संशोधन केंद्राने वेगळी वाट धरली. रोगाने वेढलेल्या बागांत जे माड निरोगी राहिले तेच शोधले, चाचणी करून पारखले आणि त्यांच्यातून निवड व संकर केले. 'कल्परक्षा', 'कल्पश्री' आणि 'कल्पसंकरा' हे वाण त्यातून आले.

सांगली-मिरजेकडे रोपवाटिकेत 'हायब्रीड' म्हणून नारळाचं रोप घेताना उंची आणि पानं मोजण्याआधी एवढंच विचारावं: आई कुठली, पराग कुणाचा? टी×डी (टॉल×ड्वार्फ, म्हणजे उंच×ठेंगू) म्हणत असतील तर आई बाणवलीसारख्या उंच जातीची हवी आणि पराग ठेंगूचा.