चिपच्या बाहेर राहिलेले भाग

नोकिया ३३१० च्या पडद्यामागचा हिरवा उजेड आठवतो? २००० सालच्या त्या जमान्यात बॅकलाइटसाठी फारशी खटपट लागत नसे. हिरव्या एलईडीला दोन व्होल्टच्या आसपास पुरतात. बॅटरीला रेझिस्टर लावून जोडला की भागलं. आज ड्रायव्हरच्या, म्हणजे एलईडी चालवणाऱ्या चिपच्या, डेटाशीटमध्ये (माहितीपत्रकात) चिपबाहेरचे कॉइल, डायोड, कपॅसिटर कोणते घ्यावेत यावर पानंच्या पानं असतात. ही भानगड पांढऱ्या उजेडाबरोबर आली.

जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी बनवला. त्यावर पिवळा फॉस्फर (निळ्या उजेडाने पिवळा चमकणारा लेप) चढवून कंपनीने १९९६ मध्ये पांढरा एलईडी आणला. रंगीत पडद्याला पांढराच उजेड लागतो, म्हणून फोनवाल्यांनी तो उचलला. पण तो सव्वातीन-साडेतीन व्होल्ट मागतो, आणि लिथियम-आयन बॅटरी ४.२ वरून ३ पर्यंत उतरत जाते. म्हणजे सकाळी पडदा लख्ख, संध्याकाळी मंद. त्यातून एलईडीचा उजेड करंटवर ठरतो. समांतर जोडलेल्या चौघांत करंट सारखा वाटला जात नाही आणि पडद्याचा एखादा कोपरा मळकट दिसतो.

यातून दोन वाटा निघाल्या. चार्ज पंप नुसत्या कपॅसिटरांनी व्होल्टेज वाढवतो, त्याला कॉइल लागत नाही, पण बॅटरीच्या दीडपट-दुप्पट अशा ठरलेल्या पायऱ्यांवरच तो थांबतो आणि वरचं व्होल्टेज वाया जातं. दुसरी वाट म्हणजे सगळे एलईडी एका माळेत ओवायचे, कारण माळेत करंट सगळीकडे एकच, आणि तिला लागणारे तेरा-चौदा व्होल्ट बूस्ट कन्व्हर्टरने, म्हणजे कॉइल आणि झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या स्विचने व्होल्टेज चढवणाऱ्या सर्किटने, उभे करायचे. पडदे मोठे झाले तशी हीच वाट रुळली.

बूस्ट सर्किट नवं नव्हतं. नॅशनल सेमीकंडक्टरचा एलएम२५७७ हा चिप ५२ किलोहर्ट्झवर चाले, म्हणजे स्विच सेकंदाला ५२ हजार वेळा चालू-बंद होई, आणि सोबत शेकडो मायक्रोहेन्रींची (हे कॉइलचं माप) जाडजूड कॉइल लागे. ती फोनमध्ये कुठे मावणार? लिनियर टेक्नॉलॉजीच्या एलटी१९३७ सारख्या चिपांनी वेग १.२ मेगाहर्ट्झवर नेला, तेव्हा २२ मायक्रोहेन्रींची तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी कॉइल पुरू लागली. (तिच्यावर २२० छापलेलं असतं. शेवटचा आकडा पुढे किती शून्यं ते सांगतो, म्हणजे २२ आणि पुढे एकही शून्य नाही; दुकानात भले भले फसतात.)

हिशेब करून बघा. बॅटरी ३.६ व्होल्ट, माळ १३.३ व्होल्ट, करंट २० मिलिअँपिअर. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीतून सरासरी ९२ मिलिअँपिअर ओढले जातात. दर आवर्तनात स्विच साधारण ०.६ मायक्रोसेकंद चालू राहतो, तेवढ्यात कॉइलमधला करंट १०० मिलिअँपिअरने चढतो, म्हणजे सरासरीच्या वर त्याचा निम्मा धरून शिखर १४० च्या घरात. बॅटरी उतरली की ते आणखी वर जातं, आणि सर्किट सुरू होताना तर थेट चिपच्या करंट लिमिटला भिडतं. म्हणून मी मायक्रोहेन्रींच्या आधी सॅच्युरेशन करंट बघतो, म्हणजे किती करंटला कॉइलचा फेराइट गाभा थकतो ते. सॅच्युरेट होणारी कॉइल स्कोपवर (करंटचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) लपत नाही: सरळ चढणारी रेघ टोकाला एकदम उभी होते. फेराइटने हात टेकले, उरली नुसती तार.

माळेतला करंट मोजणाऱ्या रेझिस्टरची गोष्ट मला सगळ्यात आवडते; त्याच्यावरचं व्होल्टेज, म्हणजे फीडबॅक, बघून चिप करंट ठरवते. जुन्या चिपांचा फीडबॅक सव्वा व्होल्टच्या आसपास असे, कारण चिपच्या आतला बँडगॅप रेफरन्सच (तुलनेसाठीचं स्थिर व्होल्टेज) तेवढा. २० मिलिअँपिअरसाठी ६२ ओहम लावा, की २५ मिलिवॅट नुसती उष्णता. माळेच्या एकूण पॉवरच्या जवळजवळ दहा टक्के! एलटी१९३७ ने फीडबॅक ९५ मिलिव्होल्टवर आणला. रेझिस्टर ४.७५ ओहमचा झाला, नुकसान दोन मिलिवॅटांवर आलं.

डायोड शॉटकी जातीचाच हवा, व्होल्टेज कमी खातो आणि झटपट बंद होतो म्हणून. खरा धोका माळ तुटल्यावर. रेझिस्टरवर काहीच दिसत नाही, चिपला वाटतं उजेड कमी पडतोय, आणि ती व्होल्टेज चढवत सुटते. २० व्होल्टचा डायोड तिथे टिकत नाही. आधी यासाठी बाहेर झेनर (ठराविक व्होल्टेजच्या वर जाऊ न देणारा डायोड) लावत. पुढे ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन चिपमध्येच आलं. तरी डायोड आणि आउटपुट कपॅसिटर त्या मर्यादेपेक्षा वरचेच घ्यावे लागतात.

कपॅसिटरची निवड बाजारानेही ठरवली. २००० साली टँटलम या धातूच्या कपॅसिटरांची टंचाई झाली आणि अनेक डिझायनर सिरॅमिककडे वळले. सिरॅमिकचे नखरे वेगळे. वाय५व्ही जातीचा कपॅसिटर तापमान बदललं की ८२ टक्क्यांपर्यंत घटू शकतो. एक्स५आर जातीचा १५ टक्क्यांच्या आत राहतो. पण डीसी व्होल्टेज चढलं की एक्स५आरही आटतो, छोट्या आकारात तर निम्म्यावर येतो. शिवाय आतलं बेरियम टायटॅनेट पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे व्होल्टेज बदललं की आकार बदलणारं. उजेड कमी करायला काही शे हर्ट्झचा पीडब्ल्यूएम (एलईडी झटपट चालू-बंद करणं) दिला की कपॅसिटर आकसतो-फुगतो, बोर्ड थरथरतो, आणि रात्रीच्या शांततेत उशीजवळचा फोन बारीक गुणगुणू लागतो. पीडब्ल्यूएम २० किलोहर्ट्झच्या वर नेला की आवाज कानाबाहेर जातो. कपॅसिटरचं थरथरणं चालूच असतं.