"ओळख बघू, हा कोण?"

स्मृतिभ्रंश झालेल्या आज्जीपुढं नातू मोबाईल धरतो आणि लग्नातला फोटो दाखवून विचारतो, "ओळख बघू, हा कोण?" विचारतो प्रेमानंच, पण आज्जीची ती परीक्षा असते. नापास झाली की ती गप्प होते.

या परीक्षेला जुना इतिहास आहे. 1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांत वार, तारीख, गाव रुग्णांकडून पुन्हापुन्हा वदवून घेण्याची पद्धत सुरू झाली. 1963 साली मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी वेगळा विचार मांडला : म्हातारपणी माणूस जुन्या आठवणींत रमतो, ते बरळणं नव्हे, आयुष्याचा हिशेब लावणं आहे. आठवणींच्या गप्पांना उपचारात जागा मिळाली ती त्यानंतर.

संगणक आला तो स्कॉटलंडमधल्या डंडी आणि सेंट अँड्र्यूज विद्यापीठांत, 2000च्या दशकाच्या सुरुवातीला. तिथल्या 'सर्का' प्रकल्पात बोटानं चालणाऱ्या पडद्यावर जुनी छायाचित्रं, गाणी, चित्रफिती होत्या. रुग्ण आणि सोबतीण शेजारी बसून त्या बघत. घरचे फोटो मुद्दाम टाळले होते. पुढच्या अभ्यासात दिसलं, की घरच्या फोटोवर माणूस नावं आठवत अडकतो. परक्या बाजाराच्या फोटोवर मात्र गोष्ट सांगू लागतो. चुकायला तिथं काही नसतंच.

आपल्याकडं असा पडदा करायचा तर त्यात स्कॉटलंडचे नाचघर काय कामाचे? निपाणीच्या तंबाखूच्या वखारी हव्यात, बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ हवेत, कुंदा हवाच. आणि गावाचं नाव 'बेळगाव'च असू दे. 'बेळगावी' सरकारदरबारी 2014पासूनचं.

खरी गाठ भाषेची. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा आज ऐंशी ओलांडलेली माणसं शाळेत होती. अनेकांच्या घरात मराठी, कचेरीत आणि बाजारात कन्नड. हैदराबादला 648 रुग्णांवर झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती, निरक्षरांतही. पण बहुतेक ॲप पहिल्याच पडद्यावर एक भाषा निवडायला सांगतं. मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडात संपवणाऱ्या आज्जीनं त्यात कुठलं बटण दाबायचं?