मोफत पेपर आणि मुक्त पेपर

संशोधनाच्या पेपरची पीडीएफ पैसे न मागता उघडली की आपण लगेच म्हणतो, ‘ओपन ॲक्सेस आहे!’ खरं तर तो मोफत आहे, एवढंच तेव्हा कळलेलं असतं. मुक्त आहे की नाही, हे पेपरसोबत दिलेल्या वापराच्या परवान्यावर ठरतं, आणि ती ओळ सहसा कोणी वाचत नाही.

मोफत म्हणजे वाचा. मुक्त म्हणजे वाचा, प्रती काढा, वाटा, हजारो पेपर एकदम उतरवून संगणकाला चाळायला द्या. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यानं ओपन ॲक्सेसची व्याख्या अशीच केली. लेखकाला श्रेय द्यायचं आणि त्याच्या मजकुराची मोडतोड करायची नाही, एवढंच बंधन.

पबमेड सेंट्रल या वैद्यकीय पेपरांच्या अमेरिकी सरकारी ऑनलाइन संग्रहावर हा गोंधळ हमखास होतो. तिथला कुठलाही पेपर कोणालाही वाचता येतो, पण अनेक पेपरांचे हक्क प्रकाशकाकडेच असतात. पुनर्वापराला परवानगी असलेल्या पेपरांचा तिथे वेगळा संच आहे, ‘ओपन ॲक्सेस सबसेट’ नावाचा. या नावातच सगळं आलं.

दोन्हींतलं अंतर २०२० मध्ये ठळक दिसलं. करोनावरचे पेपर नुसते वाचता येऊन भागणार नव्हतं, ते यंत्रांनाही चाळता यायला हवे होते. म्हणून अनेक देशांच्या विज्ञान सल्लागारांनी प्रकाशकांकडे पुनर्वापराची परवानगी मागितली. बऱ्याच जणांनी ती दिली, पण साथीपुरती. मोफत केलेलं दार पुन्हा बंद करता येतं. सीसी बाय, म्हणजे श्रेय दिलं की हवा तसा वापर करू देणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, एकदा दिला की परत घेता येत नाही.

‘सीसी’ दिसलं म्हणून हुरळूनही जाऊ नका. पुढे ‘एनडी’ (बदललेली आवृत्ती वाटायला मनाई) असेल तर पेपरचं भाषांतर करून प्रसिद्ध करायला वेगळी परवानगी लागते. ‘एनसी’ (व्यावसायिक वापराला मनाई) असेल तर त्यातली आकृती विकिपीडियासाठी कॉमन्स या तिच्या चित्रसंग्रहावर चढवता येत नाही.

संशोधनाचा पैसा जनतेचा असला तरी पेपर किती खुला हवा, याची निधी देणाऱ्यांची मागणी सगळीकडे सारखी नाही. वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेनं २००८ पासून पेपर मोफत करायला बारा महिन्यांपर्यंतची सवलत ठेवली होती, ती १ जुलै २०२५ पासून काढली. पेपर प्रसिद्ध होताच मोफत हवा, पण विशिष्ट परवान्याची सक्ती नाही. युरोपातल्या निधीसंस्थांनी पुढाकार घेतलेला ‘प्लॅन एस’ हा ओपन ॲक्सेसचा उपक्रम मात्र सहसा सीसी बायच मागतो.