घरगुती नेटवर्कमधील रिमोट जोडणी व तिचे बिघाड

घरातल्या एका संगणकावरून दुसऱ्याचा पडदा किंवा कमांड वापरणे म्हणजे रिमोट जोडणी. विंडोजमधील रिमोट डेस्कटॉप ३३८९ या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावर, चालतो. पडदा दाखवणारी व्हीएनसी बहुधा ५९०० आणि कमांड चालवू देणारी एसएसएच २२ हे पोर्ट वापरते. ‘कनेक्ट होत नाही’ म्हटल्यावर दिसेल ती सेटिंग बदलत सुटणे हा सर्वांत घातक उपाय. आधी पत्ता, मग दोन यंत्रांमधली नेटवर्कची वाट, मग फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी संगणकाची भिंत) आणि शेवटी लॉगिन, याच क्रमाने तपासावे.

राउटर प्रत्येक यंत्राला खासगी आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कपुरता क्रमांक, देतो, पण तो कायमचा नसतो. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते. ती परत आली की राउटर नव्याने सुरू होतो आणि पत्ते बदलू शकतात. बुधवारी १९२.१६८.१.५ वर असलेला संगणक शुक्रवारी १९२.१६८.१.८ वर निघतो, आणि जुनाच पत्ता टाकणाऱ्याला संगणक बंद पडल्यासारखा वाटतो. ज्याला जोडायचे आहे त्या यंत्रावर आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड चालवली की खरा पत्ता कळतो. राउटरमध्ये तो त्या यंत्रासाठी राखून ठेवला की कटकट संपते. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही.

सर्वांत फसवा प्रकार दोन राउटरांचा. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून वायफाय नीट पोचत नाही, म्हणून फायबरच्या राउटरला आतल्या खोलीत दुसरा राउटर जोडला जातो. तोही स्वतःचे पत्ते वाटू लागला की एकाच घरात दोन नेटवर्क होतात. इंटरनेट दोन्हीकडे उत्तम चालते, त्यामुळे संशयच येत नाही. खूण एकच: आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीतल्या संगणकाला जोडता येते, उलट दिशेने नाही. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे त्याला पत्ते न वाटता फक्त वायफाय पुरवू दिले, की प्रश्न मिटतो. एक यंत्र गेस्ट वायफायवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) असले, तरी दोघांची गाठ पडत नाही. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांतून घरी आलेल्या लॅपटॉपवर व्हीपीएन (दूरच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित, खासगी वाट) चालू असेल, तर घरातला प्रिंटरसुद्धा दिसेनासा होऊ शकतो. अशा लॅपटॉपच्या सेटिंगला हात न लावता कंपनीच्या आयटी विभागालाच विचारावे.

पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ असे विचारणाऱ्या चाचणीला, उत्तर आले नाही म्हणून संगणक बंद आहे असे ठरवू नये. विंडोजची फायरवॉल ते उत्तर अनेकदा अडवते. विंडोजच्या पॉवरशेल या कमांड-खिडकीतील टेस्ट-नेटकनेक्शन (Test-NetConnection) या कमांडने ३३८९ पोर्ट थेट तपासावा. तो बंद दिसल्यास नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले आहे का ते पाहावे आणि घरचे असल्यास ‘प्रायव्हेट’ करावे. अख्खी फायरवॉल मात्र कधीही बंद करू नये.

विंडोजच्या होम आवृत्तीतून दुसऱ्या संगणकाला जोडता येते, पण ती स्वतःवर रिमोट डेस्कटॉप घेऊ देत नाही. त्यासाठी प्रो लागते. लॉगिनला पिन नव्हे, खात्याचा पासवर्ड लागतो, आणि कोरा पासवर्ड मुळातच नाकारला जातो. झोपी गेलेले यंत्रही उत्तर देत नाही.

बाहेरगावाहून घरचा संगणक वापरता यावा म्हणून राउटरवर ३३८९ उघडा टाकणे धोक्याचे आहे. २०१९ साली उघडकीस आलेल्या ब्लूकीप या त्रुटीमुळे जुन्या विंडोजवर पासवर्डशिवाय याच मार्गाने ताबा मिळवता येत होता. त्याऐवजी राउटरवर व्हीपीएन बसवून त्यातूनच आत यावे.