जुनी नाणी व नोटा दाखवायला आणण्यापूर्वी

आमच्याकडे जुने नाणे आणताना ते घासून-पुसून आणू नये, ही ग्राहकांना कळकळीची विनंती आहे. जालना, बीड, परभणीकडून मंडळी घरच्या पेटीत निघालेले निजामाचे रुपये मोठ्या उत्साहाने घेऊन येतात. परंतु त्यांतील बरेचसे आदल्या रात्री चिंच, राख किंवा पितांबरी लावून लख्ख केलेले असतात, आणि तिथेच त्यांची निम्म्याहून अधिक किंमत गेलेली असते.

चांदीवर अनेक वर्षांत चढलेला काळसर, कधी निळसर थर हा मळ नसून नाण्याला कुणी हात लावलेला नाही याची खूण असते, आणि संग्राहक पैसे मोजतो ते त्यासाठी. घासल्यावर थराबरोबर धातूचा वरचा पापुद्राही जातो. भिंगाखाली एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात, नाण्यावरील चारमिनारच्या मनोऱ्यांच्या कडा बोथट होतात आणि मधल्या कमानीतील उर्दू अक्षर पुसट होते. त्या अक्षराला फार महत्त्व आहे. तेथे ‘मीम’ असेल तर नाणे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळचे, आणि ‘ऐन’ असेल तर सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळचे. अक्षर, हिजरी सन आणि झीज या तिन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय आम्ही भाव सांगत नाही.

मोबाईलवर फोटो पाठवून ‘किती येतील?’ असे विचारणाऱ्यांना आम्ही दुकानात बोलावतो, याचा काहींना राग येतो. मात्र फोटोत वजन कळत नाही. निजामाचा रुपया, म्हणजे हाली रुपया, सुमारे 11.18 ग्रॅमचा असून त्यात सहसा जवळपास 82 टक्के चांदी असते. इंग्रजी रुपया 11.66 ग्रॅमचा, पण 1940 पासून त्यातील चांदी निम्म्यावर आली. ओतीव नकली नाणे ओळखायचे तर काटा आणि भिंग दोन्ही लागतात.

जुने म्हणजे दुर्मिळ, असे मात्र नाही. निजामाचे हैदराबाद संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झाल्यावरही हाली शिक्का काही वर्षे चालत राहिला, त्यामुळे मराठवाड्यात तो घरोघर सापडतो आणि साध्या प्रतीला चांदीच्या भावापेक्षा थोडेच अधिक मिळते. राम-सीता किंवा हनुमानाची छबी असलेला, 1818 सालचा म्हणून दाखवला जाणारा ‘कंपनीचा आणा’ तर ईस्ट इंडिया कंपनीने कधी पाडलाच नव्हता. देवघरात तो जरूर ठेवावा, संग्रहात त्याला मोल नाही. ‘रिझर्व्ह बँक जुनी नोट लाखांत घेते, आधी शुल्क भरा’ असे फोन येत असतील तर एक रुपयाही देऊ नये. आपण असा कोणताही व्यवहार करत नाही, हे बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केले आहे.

नोटांना इस्त्री करू नये, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. कोऱ्या वहीच्या पानांत सपाट ठेवून आणाव्यात. शेतात नांगरताना सापडलेली नाणी आम्ही घेत नाही, त्यांची खबर जिल्हाधिकारी कार्यालयाला द्यावी.

पहिली पाहणी विनामूल्य आहे. लेखी मूल्यांकनाला शुल्क पडते, कारण प्रत्येक नाण्याची नोंद आणि वजन त्यात येते. तोच माल आपण आम्हाला विकल्यास शुल्काची रक्कम परत मिळते, आणि दुसरीकडे विकायचा असल्यास तो कागद तेथेही दाखवता येतो.